‘कॅप्स ऑन’ म्हटलं आणि कागदावर ‘कॅप्स ऑन’च उमटलं

शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास इंग्रजी टायपिंग करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मग उजव्या मनगटानं संप पुकारला आणि भाच्यानं कॉम्प्युटरवर ड्रॅगन हे बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. आता मी बोलते, ते लिहितं. आपल्या मराठी लिपीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही. पण माझं काम इंग्रजी भाडेकरारांचं. त्यात लायसन्सॉर (जागा देणारा), लायसन्सी (ती घेणारा), प्रिमायसेस (जागा) या प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटलच हवं, आणि शीर्षक तर सगळंच कॅपिटलमध्ये.

पहिल्याच आठवड्यात एका कराराच्या माथ्यावर ‘कॅप्स ऑन’ हे दोन शब्द छापून गेले. खरं तर ती पुढच्या शब्दांना कॅपिटल लावायची आज्ञा. चूक माझीच, वाचून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: बिघाड दिसला की आधी पडद्यावर काय उमटलंय ते वाचायचं. आज्ञेचेच शब्द उमटलेत, आज्ञा पाळली पण भलत्याच शब्दांवर, की पाळलीच नाही? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

आज्ञेचे शब्दच उमटत असतील तर बहुतेक वेळा दोष श्वासाचा असतो. ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ साली आलं. त्याआधीच्या डिक्टेशनमध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. आता सलग बोलता येतं, पण ‘कॅप दॅट’ (आत्ता बोललेल्याला कॅपिटल लाव) यासारख्या आज्ञेच्या आधी आणि नंतर क्षणभर गप्प बसावंच लागतं. ‘कॅप्स ऑन’ वाक्याच्या ओघातही चालतं, तरी ते चुकायला लागलं की तिथंही थांबून बघा. मात्र ‘कॅप्स’ म्हणून, चहाचा घोट घेऊन, मग ‘ऑन’ म्हणू नका. आज्ञा एका दमात हवी. ‘कॅप दॅट’ ऐकतच नसेल तर कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि बोला. मग ते तुमचं बोलणं आज्ञा म्हणूनच घेतं. शिफ्ट दाबून धरलं तर उलट, फक्त मजकूर म्हणून. आणि हो, पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं सोपं नाही, पण माइकवर सरळ वारा येत असेल तर तुमचे उच्चार कितीही स्वच्छ असले तरी व्यर्थ.

आज्ञा पाळली पण भलतीकडे, याची गंमत जास्त. ‘कॅप दॅट’मधलं ‘दॅट’ म्हणजे तुम्ही शेवटच्या दमात बोललात तेवढं सगळं. मी आख्खं कलम एका दमात सांगून ‘कॅप दॅट’ म्हणाले आणि कलमातले शब्द कॅपिटल घालून उभे राहिले, लग्नाच्या फेट्यांसारखे! ‘स्क्रॅच दॅट’ म्हणू नका, कलमच जाईल. ‘अनडू दॅट’ म्हणा. मग ‘सिलेक्ट’ म्हणून हवा तो शब्द निवडा आणि आता ‘कॅप दॅट’. त्याहून बरं म्हणजे बोलतानाच ‘कॅप लायसन्सॉर’ असं जोडून म्हणणं.

‘कॅप्स ऑन’ आणि ‘ऑल कॅप्स ऑन’ यांतही गल्लत होते. महाराष्ट्र रेंट कंट्रोल ॲक्ट, १९९९ असं कायद्याचं नाव लिहायचं असेल तर ‘कॅप्स ऑन’, नाव, ‘कॅप्स ऑफ’. नावातल्या शब्दांची फक्त पहिली अक्षरं मोठी होतात. सगळी अक्षरं मोठी हवीत तर ‘ऑल कॅप्स ऑन’, आणि ते बंद करायला ‘ऑल कॅप्स ऑफ’.

आज्ञा पाळलीच जात नसेल तर तेच वाक्य ड्रॅगनपॅडमध्ये, म्हणजे ड्रॅगनच्या स्वतःच्या लिहायच्या खिडकीत, बोलून बघा. तिथं चाललं आणि ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये अडलं, तर तिथला मजकूर ड्रॅगनच्या हाताला लागत नाहीये. ‘ओपन डिक्टेशन बॉक्स’ म्हणा, त्यात सांगा, मग फॉर्ममध्ये पाठवा.

वर्डमध्ये आणखी एक चकवा आहे. अक्षरं लहान करायला मी चार वेळा ‘नो कॅप्स दॅट’ म्हटलं, शीर्षक ढिम्म. अक्षरं खरं तर लहानच होती, जुन्या नमुन्यातल्या फॉन्टला ‘ऑल कॅप्स’ची खूण होती, म्हणून मोठी दिसत होती. मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की ती खूण जाते. वर्डचं ऑटोकरेक्टही वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं, तेव्हा दोष ड्रॅगनच्या माथी मारण्याआधी ते तपासा. आणि फारच घाई असेल तर मजकूर निवडून शिफ्ट-एफ-थ्री दाबा, अक्षरं लहानाची मोठी, मोठ्याची लहान होतात. यात कमीपणा कसला? दोन बोटांचं काम आहे.

पण जो शब्द कायमच कॅपिटल हवा, त्याच्यासाठी रोज आज्ञा देणं म्हणजे शुद्ध हमाली. ड्रॅगनच्या शब्दसंग्रहाच्या एडिटरमध्ये तो कॅपिटलसकट घाला. तिथं लिहायचं रूप आणि बोलायचं रूप वेगळं ठेवता येतं. लायसन्सॉर आणि लायसन्सी यांची अदलाबदल झाली तर मालक भाडेकरू होऊन बसेल, म्हणून मी बोलायची रूपं ‘पार्टी वन’ आणि ‘पार्टी टू’ अशी दिली आहेत. ड्रॅगन बंद करताना ते तुमचं प्रोफाइल (त्यातच हे शब्द असतात) सेव्ह करायचं का विचारतं, तेव्हा ‘हो’ म्हणा. मी एकदा ‘नाही’ म्हटलं आणि चाळीस शब्द पुन्हा भरत बसले, दुखऱ्या मनगटानं.