खरेदीखतातील जमिनीचे वर्णन कोणी लिहावे?

खरेदीखताच्या परिशिष्टातील वर्णनाचे शब्द वकिलाने किंवा दस्तलेखकाने लिहावेत. क्षेत्र, हद्द आणि लांबी-रुंदीचे आकडे मात्र त्यांनी बसल्या जागी ठरवू नयेत, ते भूमी अभिलेख खात्याच्या नोंदींतून आणि मोजणीतूनच यावेत.

संपूर्ण गट (एका क्रमांकाने नोंदलेला जमिनीचा तुकडा) विकला जात असेल, तर काम सोपे आहे: चालू सातबाऱ्यावरील गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराब (लागवडीस अयोग्य भाग) आणि आकार (जमीन महसुलाची रक्कम) जसाच्या तसा उतरवावा. गटाचा काही भागच विकायचा असेल, तर आधी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा आणि भूकरमापकाने मोजून दिलेल्या ‘क’ प्रतीवरूनच, म्हणजे मोजणी नकाशाच्या प्रतीवरूनच, वर्णन तयार करावे. ‘गटापैकी उत्तरेकडील वीस गुंठे’ एवढ्यावर भागवलेले दस्त पुढे बांधाच्या वादात हमखास अडकतात. गुंठा आणि आर (१०० चौरस मीटर) एकच समजण्याची सवयही सोडावी. चाळीस गुंठ्यांना ४० आर लिहिले, तर एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी होते.

चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, लिहिताना केवळ शेजाऱ्यांची नावे देऊ नयेत, कारण वारसाने आणि विक्रीने ती बदलतात. लगतचे गट क्रमांक, रस्ता किंवा ओढा यांचा उल्लेख करावा. सोलापूर शहरात मालमत्ता पत्रकावरील सिटी सर्व्हे नंबर घ्यावा. हद्दवाढ भागात, म्हणजे शहराच्या हद्दीत नंतर आलेल्या गावांत, मात्र अनेक भूखंड आजही जुन्या गावाच्या सर्व्हे नंबरने ओळखले जातात, म्हणून तेथे गावाचे नाव, तो नंबर आणि मंजूर रेखांकनातील भूखंड क्रमांक ही तिन्ही लिहावीत. गाव उत्तर सोलापूर तालुक्यात की दक्षिण सोलापूर तालुक्यात, हेही उताऱ्यावरूनच घ्यावे.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार मालमत्ता ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असावे लागते आणि दस्तात नकाशा असल्यास त्याची खरी प्रतही जोडावी लागते. तथापि दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक जागेवर येऊन हद्द तपासत नाहीत. म्हणून सही करण्यापूर्वी घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने उतारा, नकाशा व मसुदा शेजारी ठेवून प्रत्येक आकडा ताडून पाहावा. नोंदणीनंतर चूक आढळल्यास दोन्ही पक्षांना पुन्हा एकत्र येऊन चूक दुरुस्ती दस्त नोंदवावा लागतो, आणि तोवर देणारा हयात व राजी असेलच असे नाही.