एअर रायफल: ४.५ की ५.५ मिमी?

डबे पाडायला आणि नेमाच्या सरावाला ४.५ मिमी (०.१७७ इंच) बोअरची, म्हणजे तेवढ्या आतल्या व्यासाच्या नळीची, रायफल घ्या. १६ ज्यूल ताकदीला ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २४३ मीटर सुटतो, तर ५.५ मिमीचा (०.२२) एक ग्रॅमचा छर्रा १८०च्या आत राहतो. म्हणून जड छर्रा लवकर खाली येतो आणि अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी नेम हुकतो. ब्रिटनमध्ये सशाच्या शिकारीला मात्र अनेकजण ५.५च पसंत करतात, कारण जवळून त्याचा आघात जास्त बसतो. आपल्याकडे ०.१७७पेक्षा मोठ्या बोअरला परवाना लागतो, आणि ससा, पारवा अशा वन्यजीवांवर छर्रा झाडणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे इथे प्रश्नच मिटला.

खरी गफलत छर्‍यात होते. स्प्रिंगच्या बंदुकीत स्प्रिंग पिस्टन (दट्ट्या) ढकलून हवा दाबते; फार हलका छर्रा घातला तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो पुढे आदळतो आणि हवा अडवणारी सील फाटू शकते. मागची पातळ कड चेपलेला छर्रा बाजूला काढा, तो भरकटतोच. तीन प्रकारचे छर्रे आणा, दहा मीटरवरून प्रत्येकी पाच झाडा, ज्याची भोके सर्वांत जवळ पडतील तोच ठेवा. डब्यामागे वाळूचे पोते हवेच, दगड किंवा भिंत नको. डोळ्यांवर चष्मा घाला. शेवटी हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे असतात.