जुने जमिनीचे कागद वाचताय? या चुका टाळा

"१८७२ चा सातबारा कुठं मिळेल हो?" हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्याकडे येतो. उत्तर एकच: कुठंच नाही. सातबाऱ्यातला 'सात' ज्या हक्कनोंदीतून आला, तिचा कायदाच मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, त्याही त्यानंतरच्या. त्याआधीच्या काळासाठी मागायचं ते शेतवार पत्रक (शेतागणिक खातेदार आणि सारा), आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा), टिपण (मोजणीची आकड्यांसह कच्ची आकृती), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब). अर्जात 'जुना सातबारा' असं लिहिलंत, तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा येतो. आणि तो शेरा खोटा नसतो.

दुसरी गल्लत गावाची. आज एका जिल्ह्यात असलेली दोन गावं १८६० साली वेगवेगळ्या राज्यांत असू शकतात. सातारा १८४८ ला खालसा झालं, म्हणजे थेट इंग्रजांकडे गेलं, पण फलटण, औंध, भोर, कोल्हापूर ही संस्थानं राहिली, त्यांची दप्तरं निराळी. मराठवाडा निजामाकडे. नागपूरकडे तर मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत; तिथं रयतवारीचे, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याचे, नियम लावून काहीच कळणार नाही. पुढचं सगळं मुंबई इलाख्यातल्या खालसा, रयतवारी गावांपुरतं.

खातेदार म्हणजे मालक, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पेशवाई गेल्यावर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली साऱ्याची आकारणी फसली, गावं ओस पडू लागली. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. शेताला नंबर, नंबरला आकार (ठरवलेला सारा), आणि तो आकार ३० वर्षं कायम. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली, १८६५ च्या आणि मग १८७९ च्या कायद्यात ती बसली. या साऱ्या खटाटोपात सरकारला हवं होतं काय? सारा कोणाकडून वसूल करायचा, त्याचं एक नाव. तेवढंच. चार भाऊ एकत्र नांदत असतील, तर खात्यावर थोरल्याचं नाव. बाकी तिघांचा हिस्सा कागदाला माहीतच नसे. म्हणून 'आमच्या पणजोबांचं नाव नाही, म्हणजे जमीन त्यांची नव्हतीच' हा निष्कर्ष जितका चुकीचा, तितकाच 'नाव एकट्याचं, म्हणजे जमीन एकट्याची' हाही.

यात सावकार आला की आणखी गुंता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात रयतेनं सावकारांची खतं जाळली. त्याच्या चौकशीतून दिसलं ते असं: जमीन प्रत्यक्षात सावकाराकडे गहाण पडलेली, पीक त्याच्या घरात, पण खातं कर्जदार कुळाच्याच नावावर, कारण सारा भरायची कटकट सावकाराला नको. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. त्यानं कोर्टाला दस्ताच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. तेव्हा त्या काळातलं खत हाती आलं, तर नुसतं मथळ्यावर जाऊ नका; वर 'खरेदीखत' असलं, तरी आत गहाण असू शकतं. जमीन कसणारा तोच राहिला का, रक्कम बाजारभावाच्या मानानं फारच थोडी आहे का, हे आधी बघा.

'आणे' म्हटलं की पैसे, असं वाटणं

एकाच पानावर आणे तीन अर्थांनी येतात. रुपयाचा सोळावा भाग ते आणे. गुंठ्याचा सोळावा भाग तेही आणे. आणि जमिनीची प्रत, तीही आण्यांत: उत्तम ती सोळा आणे, हलकी तसे कमी. समजा, पानावर 'एकर २ गुंठे २०, प्रत १२ आणे' आहे आणि त्या गावांच्या गटाचा कमाल दर, म्हणजे सोळा आणे प्रतीचा दर, एकरी १ रुपया. अडीच एकराला पाऊणपट, म्हणजे आकार १ रुपया १४ आणे. पानावरचा आकार याच्याशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा तुम्ही कुठला तरी आकडा चुकीचा वाचलाय. मी प्रत्येक पानावर आधी हा हिशेब करतो, मग नावं वाचतो.

मोजणीआधीचे कागद असतील, तर बिघे, पांड, चाहूर ही जुनी मापं येतात. २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. पण बिघा गावागणिक बदले, त्यामुळं त्याचे परस्पर एकर करू नयेत.

सनांचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी, हे सगळ्यांना ठाऊक. दख्खनच्या फसली या महसुली सनात ५९० मिळवायचे: फसली १२८७ म्हणजे १८७७-७८, वर्ष मृगापासून. उत्तरेकडच्या फसलीचा हिशेब लावलात, तर दोन-तीन वर्षांनी घसराल. इनामाच्या सनदेवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं, तर तो मजकूर नाही, साल आहे: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर या, अरबी शब्दांत लिहिल्या जाणाऱ्या, सनाचं ११६१. त्यात ५९९ मिळवा, म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष.

'इनाम' वाचून हुरळून जाणं

इनाम जमिनीचं होतं की फक्त तिच्या साऱ्याचं, हे आधी तपासा. पुष्कळ सनदांत सरकारनं आपला सारा सोडलेला असतो, जमीन कसणाऱ्याचीच राहते. इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्यानं अधिकार मिळाले आणि सनदा तपासल्या गेल्या, त्यामुळं पेशव्यांची सनद हातात असूनही इनाम पुढं टिकलंच असं नाही. कमिशनचा निर्णय मिळाल्याशिवाय सनद अर्धीच गोष्ट सांगते. वतन, म्हणजे पाटीलकीसारख्या वंशपरंपरागत हुद्द्याची जमीन असेल, तर १८७४ चा कायदा आडवा येतो: परवानगीशिवाय वतनाबाहेरच्याला दिलेली जमीन वतनदाराच्या हयातीपलीकडे टिकत नसे.

नावांबद्दल एवढंच: 'रामजी बिन सखोजी पाटील' यातलं 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', आणि 'पाटील' हे आडनाव नसून हुद्दा असू शकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, शब्द जोडून लिहिलेले असतात, तेव्हा एकच नाव चार प्रकारे दिसलं तर दचकू नका.

शेवटचं टिपणाबद्दल. ते ३३ फुटी साखळीनं मोजून काढलेलं असतं, साखळीचे भाग सोळा, त्यांनाही आणेच म्हणत (चौथा अर्थ!). साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. टिपणातली आकृती प्रमाणात नसते, खरे असतात ते तिच्यावर लिहिलेले आकडे. एका गृहस्थांनी टिपणाची झेरॉक्स मोबाईलच्या नकाशावर ठेवून बांध सरकल्याचा शोध लावला, शेजाऱ्याशी दोन वर्षं अबोला धरला. आकडे घेऊन कागदावर प्रमाणात आकृती काढली, तर बांध होता तिथंच होता.