रेंजफाइंडरवर अल्ट्रा-वाइड लेन्स: कडा रंगीत का होतात, आणि कोणत्या चुका टाळाव्यात

डिजिटल रेंजफाइंडरला (लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या, लायका एमसारख्या कॅमेऱ्याला) १५ किंवा २१ मिमीची लेन्स लावली की अनेकदा फोटोची एक कड लालसर, दुसरी निळसर-हिरवी दिसते आणि कोपरे काळवंडतात. लगेच लेन्स विकायला काढू नका. रंग, अंधार आणि फरफटलेला तपशील हे तीन वेगळे दोष आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

रंगाचं मूळ तिरप्या किरणांत आहे. झाइसच्या २१ मिमी एफ/४.५ सी-बायोगॉनसारख्या लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं. कोपऱ्याकडचे किरण इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेतून तिरके, म्हणजे जास्त जाडीतून जातात, त्यामुळे तांबडा रंग जास्त शोषला जातो. शिवाय थोडा प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. फिल्मवर हा प्रश्नच नव्हता.

सगळ्यात जास्त होणारी चूक: लेन्सवर ६-बिट कोड (माउंटवरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा, ज्यांवरून कॅमेरा लेन्स ओळखतो) नाही आणि मेनूत लेन्स डिटेक्शन ‘ऑटो’वर आहे. कोडच नाही म्हटल्यावर कॅमेरा दुरुस्ती करणार कशाची? लायका एम९ आणि पुढच्या मॉडेलांत ‘मॅन्युअल’ निवडा. यादीत लायकाच्याच लेन्स असतात. दुसऱ्या कंपनीच्या लेन्ससाठी पांढऱ्या भिंतीवर २१ मिमीच्या दोन-तीन नोंदी आजमावा आणि सर्वांत कमी रंग दाखवणारी ठेवा. मात्र लेन्स बदलली की नोंदही बदला. नाहीतर ५० मिमीच्या फोटोलाही २१ मिमीची दुरुस्ती लागते आणि कडांना उलटा रंग चढतो.

एवढ्यानं भागलं नाही तर कोरी फ्रेम, म्हणजे नुसत्या पांढऱ्या उजेडाचा फोटो घ्या. फोटो काढल्याबरोबर, त्याच उजेडात, लेन्ससमोर सुमारे ३ मिमी जाडीचं दुधी ॲक्रिलिक टेकवा. ॲपर्चर आणि फोकसचं अंतर फोटोसारखंच हवं, एफ/४.५ ची कोरी फ्रेम एफ/८ च्या फोटोला चालत नाही. हिस्टोग्राम उजव्या टोकाला आपटू देऊ नका, कारण जळालेल्या चॅनेलमधून रंगाचं मोजमाप मिळत नाही. फाइल रॉच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) हवी. लाइटरूम क्लासिकमध्ये ‘फ्लॅट-फील्ड करेक्शन’ किंवा कॅप्चर वनमध्ये ‘एलसीसी’ या फ्रेमवरून रंग आणि अंधार दोन्ही काढतं.

अंधाराचा हिशेब आधीच करून ठेवा. सममित रचनेच्या १५ मिमी लेन्समध्ये फुल फ्रेमच्या कोपऱ्यात केवळ भूमितीमुळे सुमारे सव्वातीन स्टॉप प्रकाश कमी पडतो, २१ मिमीत दोन (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). ॲपर्चर बारीक करून हा भाग जात नाही. आकाशामुळे मीटर फसून एक्सपोजर कमी पडलं असेल तर कोपरे उजळताना नॉइज उसळतो. म्हणून हायलाइट सांभाळून एक्सपोजर जमेल तितकं जास्त ठेवा.

फरफटलेले कोपरे सॉफ्टवेअरनं सुधारत नाहीत. त्यामागे सेन्सरवरच्या काचेची जाडी असते. एफ/८ पर्यंत बंद केल्यावर फरक पडतो. एफ/१६ वर डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) सगळीच फ्रेम मऊ करतं.

लायकाच्या आधीच्या एम८ ची सवय असलेल्यांसाठी: त्या कॅमेऱ्याला यूव्ही-आयआर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर लागतोच, पण एम९ वर वाइड लेन्सला तोच फिल्टर ठेवला तर कोपरे निळसर होतात. काढून टाका.

फोकसमध्येही गफलत होते. फोक्टलेंडरची पहिली १५ मिमी हेलियार आणि झाइसची १५ मिमी डिस्टॅगॉन रेंजफाइंडरला जोडलेली नाहीत. रिंग फिरवली तरी मधल्या चौकोनातली प्रतिमा हलत नाही. अंतर स्केलवरूनच लावायचं. ते स्केल साधारण फिल्मच्या हिशेबाचं असतं, म्हणून एफ/८ वर काढताना एफ/४ च्या खुणा धरा. तसं केल्यास १५ मिमीवर फोकस २ मीटरला ठेवून साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

एम९ च्या व्ह्यूफाइंडरमधल्या फ्रेमलाइन (फोटोची चौकट दाखवणाऱ्या रेषा) २८ मिमीलाच संपतात, म्हणून वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो. तो लेन्सच्या वर बसतो आणि पॅरलॅक्स (त्याच्या आणि लेन्सच्या नजरेतला फरक) सुधारत नाही. जवळच्या वस्तूचा वरचा भाग कापला जातोय असं दिसलं तर कॅमेरा थोडा वर उचला. वाकवू नका, उभ्या रेषा लगेच कलतात. लाइव्ह व्ह्यू असेल तर चौकट त्यातच तपासा, पट्टा आणि बोटंही तिथेच दिसतात.