पुढं काय करायचं कळत नसेल तर आधी एक काम धरा

बारावी झाली की आपल्याकडं दोनच रस्ते दाखवतात, लातूरला नीट नाहीतर संभाजीनगरला एमपीएससी, आणि ज्याला या दोन्हीत मन लागत नाही त्यानं काय करायचं ते कुणीच सांगत नाही. मला वाटतं अशा पोरापोरींनी लोकांच्या कामात पडावं, आपल्याला काय जमतं आणि काय जिवाला लागतं ते तिथंच कळतं.

सोपी सुरुवात म्हणजे कॉलेजातलं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ पासून चालू आहे, वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. ॲडमिशन झाली की लगेच कार्यक्रम अधिकारी सर-मॅडमला भेटा, युनिट भरलं की मग नाव लागत नाही. शिबिरात श्रमदान तर कराच, पण सर्व्हेच्या टीममध्ये नाव द्या म्हणजे द्या. घरोघरी फॉर्म घेऊन फिरलं की कुणाच्या दारात नळ आहे पण पाणी टँकरचंच येतं, कुणाची लेक दहावीनंतर घरी बसली, हे सगळं समोर येतं आणि ते डोक्यातून जात नाही.

शिबिरानंतर मात्र बरेच जण थांबतात. तिथंच एक काम निवडा, आठवड्यातून एकदा, निदान सहा महिने. बीडकडं राहत असाल तर दिवाळीच्या आसपास उचल (आगाऊ पैसे) घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला जातात, लेकरं आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, तिथं मुख्याध्यापकांना विचारून संध्याकाळी वाचन घेता येतं. संभाजीनगरला असाल तर घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, खेड्यातनं आलेल्या माणसाला केसपेपरची खिडकी कुठं, रक्त तपासणी कुठं हे सांगणारं कुणीतरी लागतंच, पण आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्या. यातलं काहीच जवळ नसलं तर गल्लीतल्या पोरांचे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरून द्या, तेही काम लई मोठं आहे, आधार बँकेला लिंक नाही म्हणून पैसे अडकलेले किती जण निघतात बघा.

जमणार नाही त्या कामाला हो म्हणू नका. परीक्षा आली तर लेकरांना आधी सांगा की आता महिनाभर येणार नाही, नुसतं गायब होऊ नका. त्यांचे फोटो स्टेटसला टाकू नका. शेवटच्या एसटीची वेळ बघून ठेवा आणि घरी सांगून जा, पोरींनी शक्यतो दोघी-दोघींनी जावं.

घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहायच्या, आज कशाचा राग आला, काय करताना वेळ कळला नाही, आणि काय नको वाटलं. सहा महिन्यांनी ती वही वाचा. समजा सगळीकडं लेकरांचंच लिहिलेलं असलं तर डीएड-बीएडचा विचार करा, कागदपत्रांवाचून अडलेल्या माणसांचा राग पानोपानी असला तर वकिली बघा. दवाखान्यात गेल्यावर नुसतं दडपण यायलं असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, फी भरल्यावर कळण्यापेक्षा.

मग त्या कामात असलेल्या माणसाजवळ निवांत बसा, आशाताई असो, शिक्षक असो की समाजसेवा अधीक्षक. काय शिकलात, भरती कशी निघते, पगार किती, आणि घर चालतं का, हे सगळं स्पष्ट विचारा. पगाराचं विचारायला लाजू नका, घरी तुम्हाला पहिला प्रश्न तोच येणार आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदवीनंतरचं शिक्षण, करायचं मनात आलं तर त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे आत्ता बीए-बीकॉमला असलात तरी वर्ष वाया जात नाही.