मातीतला कार्बन मोजायला निघालात? आधी चुनखडी विचारा

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. आणि थिसिस ‘रिजनरेटिव्ह शेती’वर (नांगरट टाळून, आच्छादन करून मातीतला सेंद्रिय कार्बन वाढवू पाहणारी शेती), असं ठरवून बसलेल्या मुलामुलींचे फोन हल्ली मला बरेच येतात. प्रवेश, सीईटी, फेलोशिप यातलं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतं. माझे नऊ महिने कुठे वाया गेले, तेवढंच सांगते.

सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव. एका शेतकऱ्याने सहा वर्षं नांगरट बंद ठेवून पालापाचोळ्याचं आच्छादन केलेलं रान, आणि बांधापलीकडे नेहमीच्या पद्धतीचं. दोन्हींतून ३० सेंटिमीटरपर्यंतचे नमुने घेतले. टायट्रेशन (थेंबथेंब रसायन टाकून मोजणं) करत कोण बसणार, म्हणून ओळखीने एका ठिकाणच्या मशिनवर दिले. चिमूटभर माती जाळायची, काही मिनिटांत कार्बनचा आकडा हातात. आच्छादनाच्या रानात १.२ टक्के, पलीकडे ०.७! मी पोस्टरसुद्धा छापलं.

मग मृदाशास्त्राच्या एका सीनियरने माझ्या नमुन्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकले. माती फसफसली, म्हणजे तिच्यात चुनखडी होती. तो काही बोलला नाही, बाटलीचं झाकण लावून निघून गेला.

हे नीट समजून घ्या, कारण कितीही वेळा सांगितलं तरी मुलं इथेच अडकतात. मशिन जाळतं तो सगळा कार्बन, सेंद्रिय असो वा चुनखडीतला. दख्खनच्या काळ्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी, सर्रास सापडतं, आणि त्याच्या वजनाचा १२ टक्के भाग कार्बनच असतो. म्हणजे मातीत ५ टक्के चुनखडी असली की ०.६ टक्के कार्बन फुकटात मोजला जातो. आपल्याकडच्या कोरडवाहू जमिनीत मुळात सेंद्रिय कार्बनच अर्धा-पाऊण टक्का, त्यामुळे आकडा सरळ दुप्पट! मातीची घनता १.३ धरून हेक्टरी हिशोब करा: ०.६ × १.३ × ३० = २३.४ टन. नसलेला कार्बन. (कार्बन क्रेडिटच्या गप्पा मारत गावोगाव फिरणाऱ्यांना हा प्रश्न विचारून बघा. मजा येते.)

चुनखडीतला कार्बन वजा केल्यावर आच्छादनाच्या रानात उरले ०.६० टक्के, पलीकडे ०.५८. पोस्टर अजून कपाटावर गुंडाळून पडलंय.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. पहिल्याच दिवशी त्या शेतकरी काकांनी सांगितलं होतं, “ताई, हे रान चुनखडीचं हाय. उसाला केवडा पडायचा, म्हणून तर ऊस सोडला आणि ह्या नादाला लागलो.” (केवडा म्हणजे चुनखडीमुळे पानं पिवळी-पांढरी पडणं.) मी वहीत लिहूनही घेतलं होतं, ‘प्रेरणा’ या मथळ्याखाली! ज्या कारणाने त्यांनी पद्धत बदलली, तेच कारण माझा आकडा फुगवत होतं. शेजारचं रान तुलनेला घेताना मातीही तशीच आहे का, हे आधी बघा.

उपाय अवघड नाही. नमुना ॲसिडने धुऊन मग मशिनला द्या, किंवा कॅल्सीमीटरवर चुनखडी मोजून तिच्यातला कार्बन वजा करा. नाहीतर टायट्रेशनची, १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत आहेच. ती चुनखडीच्या वाटेला जात नाही. सेंद्रिय कार्बनही पूर्ण पकडत नाही, म्हणून १.३ च्या आसपासचा गुणक लावतात. त्यात वापरतात ते डायक्रोमेट हे रसायन मात्र विषारी असतं. शाश्वततेवर थिसिस लिहिणारे ते सिंकमध्ये ओतताना मी पाहिलेत.

आणि दोन वर्षांच्या थिसिसमध्ये नव्या प्लॉटवर कार्बन वाढवून दाखवायचं स्वप्न सोडा. आयपीसीसीचे (हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती) ढोबळ हिशोबसुद्धा २० वर्षांचा काळ धरतात. जुना प्लॉट शोधा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात दीर्घकालीन खत प्रयोग १९८०च्या दशकापासून चालू आहे. तसं काहीतरी.

गाइड? शोधनिबंध किती, ते मोजू नका. माझ्या गाइडचे भरपूर होते, माझ्या रानात पाय एकदाच लागले. मागच्या बॅचच्या मुलांना विचारा, सर शेतावर येतात का? वीकेंडच्या पर्माकल्चर सर्टिफिकेटवरही माझा फारसा विश्वास नाही. हात मातीत जातात हे खरं, पण नमुना घेणं तिथे येत नाही.

घाबरू मात्र नका. फरक नाही असं निघालं तरी थिसिस होतो, माझा झाला. सहा महिने जास्त लागले, फेलोशिप संपली, घरून पैसे मागावे लागले. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “चुनखडी किती होती?”