फायरबर्ड-१ : शिवणी लाकडातून १:२४ मॉडेल

फोर्डची १९५८ची न्यूक्लिऑन, म्हणजे अणुभट्टीवर चालवायची कल्पना असलेली गाडी, पूर्ण आकारात कधी बनलीच नाही. बनलं ते ३/८ मापाचं मॉडेल. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ पर्यंत मुलांसाठी मॉडेलची स्पर्धा चालवली, आणि तिच्यात स्वप्नातल्या गाड्या हाताने कोरल्या जात. तेव्हा या गाड्या समजून घ्यायच्या असतील तर लाकूड आणि पटाशी हाच सरळ रस्ता आहे.

सुरुवातीला फायरबर्ड-१ घ्यावी. जनरल मोटर्सच्याच १९५४च्या मोटोरामा प्रदर्शनात आलेली, कंपनीचे डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल यांच्या हाताखाली घडलेली, एकाच माणसाची गाडी. फायबरग्लासचं अंग, ३७० अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन. आकार डग्लसच्या स्कायरे या लढाऊ विमानावरून सुचलेला. पुढून धोट्यासारखं निमुळतं नाक, मागे आखूड त्रिकोणी पंख, उभं शेपूट आणि एकच पारदर्शक घुमट. दरवाजे, बंपर, जाळी यांची कटकट नाही. सगळी परीक्षा पृष्ठभागाची.

माप फोटोवरून काढायचं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मूळ गाडीत १०० इंच, म्हणजे २५४० मिमी. १:२४ ला ते १०६ मिमी होतं. बाजूने घेतलेल्या फोटोत हे अंतर पट्टीने मोजा. समजा ते ८८ मिमी आलं, तर १०६ भागिले ८८, म्हणजे मूळ फोटोच्या १२० टक्के मापाची प्रिंट काढा. ए-४ कागद आडवा पुरतो. फोटो निवडताना चाकं बघा: दोन्ही चाकं पूर्ण गोल दिसली तरच फोटो काटकोनातून घेतलेला आहे. एखादं लंबगोल दिसलं तर तो फोटो सोडा, नाहीतर नाक आखूड होतं आणि ते नंतर कशानेच सुधारत नाही.

लाकूड शिवणीचं, चांगलं मुरलेलं. हलकं असतं, पटाशीला फाटत नाही, वाकतही नाही. पावसाळ्यात वखारीतून आणलेला ठोकळा लगेच कापू नका, एप्रिलच्या सोलापुरी उन्हात तो तडकेल. दिवाळीपर्यंत घरात सावलीत ठेवा. प्रिंटपेक्षा दोन्ही टोकांना १५ मिमी जास्त लांबी ठेवून, बाजूचा आणि वरचा आराखडा चिकटवा. आधी बाजूचा आकार कापा, निघालेले तुकडे टेपने परत जागेवर बसवा, मग वरचा आकार कापा. तुकडे फेकले तर वरची आखणीही त्यांच्याबरोबर जाते. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचा सोळा बाजूंचा आकार आणि मग कानस, या क्रमानेच गोलाई येते. कार्डाचे अर्धे फर्मे कापून दोन्ही बाजूंना लावून बघत राहा. डोळा एकाच बाजूला झुकतो, फर्मा झुकत नाही.

पंख आणि शेपूट २ मिमी प्लायचे. शेपटीच्या वरच्या थराचे रेषे उभे ठेवा, आडवे ठेवल्यास ती मुळाशी मोडते. नुसतं अ‍ॅरल्डाइट (दोन भाग कालवून लावायचा इपॉक्सी गोंद) पुरत नाही. प्रत्येक पंखाला बांबूच्या दोन काड्या आत घाला. उकाड्यात अ‍ॅरल्डाइट लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी एकाच सांध्यापुरतं कालवा.

आता घुमट. मॉडेल इथेच जमतं किंवा बिघडतं. शिसवीचा साचा कोरा, घुमटाच्या कडेखाली १० मिमी जास्त ठेवा आणि ८०० नंबरच्या कागदापर्यंत घासा. वॉर्निश लावू नका, गरम झालं की ते प्लास्टिकला चिकटतं. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. थंड पेयाच्या गुळगुळीत बाटलीचा बूड कापून साचा आत घाला, उरलेल्या जागेत लाकडी पाचर ठोका. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते तशी हॉट एअर गन १० सेंमीवरून सतत फिरवत ठेवा. बाटली आक्रसून साच्याला बसते. गन एका जागी थांबली तर प्लास्टिक दुधी होतं, कारण जास्त तापलं की त्यात स्फटिक तयार होतात. ते परत पारदर्शक होत नाही, नवी बाटली घ्यावी लागते. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

रंगाआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सँडिंग सीलर, मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटीचे पातळ हात. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आठवड्याने खचतो. ४०० आणि ६०० नंबरच्या कागदाने पाणी लावून घासा. राखाडी सरफेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारून ट्यूबलाइटखाली तिरपं धरा: प्रतिबिंबाची रेघ जिथे थरथरते तिथे खड्डा आहे. पांढरा रंग सगळं दाखवतो, म्हणून इथे घाई नको.

रंग मारायला सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीतले दिवस उत्तम. मे महिन्यात दुपारी थिनर हवेतच उडतो आणि रंग वाळूसारखा खरखरीत बसतो. मारायचाच तर सकाळी आठच्या आत, संथ वाळणारा थिनर घालून. पावसाळी दमटपणात एनसी रंगावर पांढुरकी साय येते. फरशी ओली करून धूळ बसवा आणि २० ते २५ सेंमीवरून तीन पातळ हात द्या.

घुमट बसवताना फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकटते. दातकोरणीने फेविकॉलची बारीक रेघ ओढा, घुमट टेकवा, टेपने धरून रात्रभर ठेवा. बाहेर आलेला फेविकॉल वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसा.